काळा दगड हातात आला, आता काय? सागरी ऑइल शेलची तोंडओळख

उन्हाळ्यात विहिरी खोल करायची कामं निघाली, की माझ्या दारात पिशव्या यायला लागतात. भाजीच्या पिशवीत गुंडाळलेला काळा दगड आणि सोबत ठरलेलं वाक्य : "सर, ह्यात तेल हाय म्हणे." खानापूरकडून येतात, निपाणीकडून येतात. एकदा चिक्कोडीहून दोघं भाऊ मोटारसायकलवर मध्ये दगड धरून आले होते. आजवर त्या पिशव्यांतून बेसाल्ट निघाला, मोडलेल्या ओट्याचा कडप्पा निघाला, वीटभट्टीतली जळकी ढेकळं निघाली, एकदा तर रस्त्याच्या डांबराचा गोळा निघाला. ऑइल शेल एकदाही नाही. तो का निघत नाही, हे समजायचं तर आधी ऑइल शेल म्हणजे काय ते नीट कळायला हवं. भूगर्भशास्त्राच्या पहिल्या वर्षाला लागलेल्या पोरांना मी जे ज्या क्रमाने सांगतो, तेच इथे लिहितोय.

पहिली पायरी : नावावर विश्वास ठेवू नका

ऑइल शेलमध्ये ऑइल नसतं, आणि पुष्कळदा तो शेलही नसतो.

अमेरिकेतल्या 'शेल'च्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. खोल बोअर मारून, पाण्याच्या दाबाने खडक फोडून तेल काढतात, ती गोष्ट वेगळी. तिथे तेल खडकात आधीच तयार झालेलं असतं, फक्त घट्ट खडकात अडकून बसलेलं असतं. त्याला शेल ऑइल म्हणतात. आपला विषय ऑइल शेल. शब्द उलटे झाले की अर्थही उलटा होतो. ऑइल शेलमध्ये तेल तयारच झालेलं नसतं. असतो तो केरोजेन नावाचा घन पदार्थ, मेलेल्या सूक्ष्म जिवांपासून बनलेला. तो मातीच्या कणांत इतका मिसळलेला असतो, की भिंगातूनही वेगळा काढता येत नाही.

शेल म्हणजे चिखल दाबला जाऊन झालेला, पापुद्र्यापापुद्र्याने सुटणारा खडक. पण एस्टोनियातला प्रसिद्ध ऑइल शेल, कुकरसाइट, मातीपेक्षा चुनखडीच्या जवळचा आहे. जॉर्डनमधला तर खडूसारखा चुनखडक. तेव्हा 'शेल' हा शब्द इथे आडनावासारखा धरायचा. आडनाव कुलकर्णी असलं तरी आज घरात कुणी दप्तर लिहीत नाही, तसं.

दुसरी पायरी : घाणी नाही, करवंटी

शेंगदाण्यात तेल असतं. घाणीत घातलं की ते गळतं. लोक ऑइल शेलकडे ह्याच नजरेने बघतात. कितीही दाबला तरी त्यातून थेंब निघणार नाही.

त्यापेक्षा करवंटी आठवा. आपल्याकडे आणि कोकणात गजकर्णावर लावायला करवंटीचं तेल काढायचे. सुक्या करवंटीत तेल कुठलं? पण ती तापवली, की भांड्याला काळपट, उग्र वासाचा चिकट द्रव सुटतो. उष्णतेने करवंटीतले मोठे रेणू तुटतात, लहान होतात, वाफ होऊन उडतात आणि गार जागेवर बसतात. ऑइल शेलचं शास्त्र अगदी हेच. खडक फोडून बंद भट्टीत, हवा लागू न देता, सुमारे ५०० अंश सेल्सियसपर्यंत तापवायचा. केरोजेन तुटतो, वाफा निघतात, त्या गार केल्या की तेल. मागे उरतो राखाडी-काळा कचरा, आणि तो भरपूर उरतो.

इथून एक साधी परीक्षा मिळते. दगडाची पूड बाटलीत घालून वर थिनर ओता आणि हलवा. थिनर लगेच तपकिरी झाला, तर तुमच्याकडे डांबर किंवा तसलंच काही आहे. केरोजेन थिनरमध्ये विरघळत नाही. हा प्रयोग अंगणात करा, चुलीपासून लांब. (डांबराचा गोळा मी असाच पकडला. आणणाऱ्याचा चेहरा बघवेना.)

निसर्गही हेच करतो, फक्त सावकाश. गाळाचा थर जमिनीत दोन-तीन किलोमीटर खोल गेला, त्याला शंभर अंशांच्या आसपास उष्णता लाखो वर्षं मिळाली, की केरोजेनचं आपोआप तेल होतं आणि ते वरच्या सच्छिद्र खडकात निघून जातं. म्हणजे ऑइल शेल हा अढीत न घातलेला आंबा आहे. खोल गेलाच नाही म्हणून पिकलाच नाही. कुठल्याही थराबद्दल विचारताना हा प्रश्न पहिला : हा थर किती खोल जाऊन आला?

तिसरी पायरी : समुद्राचा तळ डोळ्यांसमोर आणा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची. पुस्तकात ती दोन ओळींत उरकतात, म्हणून मी इथे जास्त रेंगाळणार आहे.

गणपती विसर्जनाचं एखादं तळं उपसताना उभे राहिलात कधी? वरचं पाणी काढलं की तळाशी काळाकुट्ट गाळ, आणि कुजक्या अंड्याचा वास. तोच गाळ काठावर टाकला की आठवड्यात तपकिरी होतो आणि वास जातो. का? तळाशी प्राणवायू पोचत नव्हता, म्हणून पानं, फुलं, शेवाळ पूर्ण कुजलं नाही. बाहेर हवा लागली आणि उरलेलं कुजून गेलं. ऑइल शेल म्हणजे ज्याला हवा कधी लागलीच नाही असा गाळ.

समुद्रात हे कसं जमतं? लाटांनी पाणी सतत ढवळलं जातं, मग तळाशी प्राणवायू का पोचू नये? उत्तर शोधायला लांब जायला नको, चोर्ला घाट उतरून गोव्याला जा. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटर खोलीपर्यंत पाण्याचा एक जाड पट्टा आहे, ज्यात प्राणवायू जवळजवळ नाही. वरच्या उजेडात सूक्ष्म वनस्पती बेसुमार वाढतात, मरतात, खाली पडतात. त्यांना कुजवताना जिवाणू खालचा प्राणवायू संपवून टाकतात. पावसाळ्याच्या शेवटी तर खोल थंड पाणी किनाऱ्याजवळ वर येतं, आणि काही वर्षी उथळ तळावरही कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, सापडतो. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हा प्रकार बारकाईने मोजला आहे. काळ्या समुद्रात तर दीड-दोनशे मीटरखाली तळापर्यंत प्राणवायूच नाही.

अशा तळावर गाळ पडतो तेव्हा तीन गोष्टी घडतात.

जैव पदार्थ टिकतो. तळावर किडे नसल्यामुळे गाळ उकरला जात नाही, म्हणून कागदासारखे पातळ थर जसेच्या तसे राहतात. आणि तिसरी गोष्ट, जी तळ्यातल्या आणि समुद्रातल्या शेलमध्ये फरक पाडते : गंधक. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं, गोड्या पाण्यात फार थोडं. प्राणवायू संपला की जिवाणू सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. ते गाळातल्या लोहाशी जुळून पायराइट बनतो. म्हणून सागरी ऑइल शेलमध्ये पायराइट जास्त असतो. तो सोन्याच्या चकचकीत तुकड्यांसारखा असेलच असं नाही. बहुतेक वेळा सूक्ष्मदर्शकातच दिसणारे, रासबेरीच्या फळासारखे गोळे असतात. गंधक पुढे तेलातही उतरतं, आणि ते काढता काढता रिफायनरीवाल्यांच्या नाकी नऊ येतात.

चौथी पायरी : दगडाचे भाग पाडा

आता घटक बघू. सागरी ऑइल शेल हातात आला, तर त्यात चार गठ्ठे शोधायचे.

खनिज गाळ : इलाइट, स्मेक्टाइट, केओलिनाइट ही चिकणमातीची खनिजं आणि सोबत क्वार्ट्झची बारीक रेती. नद्यांनी आणलेला हा माल.

सांगाड्यांचा चुरा : समुद्रातल्या सूक्ष्म जिवांची चुनखडीची किंवा सिलिकाची कवचं. ह्याचं प्रमाण वाढलं की दगड शेलकडून चुनखडकाकडे सरकतो.

केरोजेन : शास्त्रज्ञ त्याचे प्रकार पाडतात. पहिला प्रकार मुख्यतः तळ्यांतल्या शेवाळाचा, हायड्रोजनने श्रीमंत. तिसरा जमिनीवरच्या झाडांचा, ह्यातून तेलापेक्षा वायू जास्त. समुद्रातले तरंगते सूक्ष्म जीव आणि जिवाणू ह्यांचा तो दुसरा प्रकार. सागरी ऑइल शेलमध्ये बहुतेक हाच.

आणि पायराइटसोबत येणारे धातू : मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम, निकेल, युरेनियम. प्राणवायू नसलेल्या पाण्यातून हे धातू गाळात बसतात.

ह्या गठ्ठ्यांचं प्रमाण बदललं की दगडाचं नशीब कसं बदलतं, ते उदाहरणांवरून कळतं. एस्टोनियाचा कुकरसाइट ऑर्डोव्हिशियन काळातला, सुमारे ४६ कोटी वर्षांपूर्वीचा. केरोजेन इतका, की दगड सरळ भट्टीत जाळून वीज करतात. त्यांच्या भाषेत त्याचं नावच 'जळणारा दगड'. १९१६ पासून तिथे खाणी आहेत. स्वीडनची तुरटी-शेल त्याहून जुनी, तिच्यात गंधक आणि युरेनियम भरपूर. लोकांनी आधी तिच्यातून तुरटी काढली, दुसऱ्या महायुद्धापासून १९६६ पर्यंत तेल, आणि साठच्या दशकात थोडंसं युरेनियमही. एकाच दगडाने तीन धंदे चालवले म्हणायचे.

मला स्वतःला जर्मनीची पोसिडोनिया शेल जास्त आवडते. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा ज्युरासिक समुद्र. होल्त्समाडेन गावाजवळ तिच्यात इक्थियोसॉर नावाच्या सागरी सरपटणाऱ्या प्राण्यांचे असे सांगाडे मिळालेत, की पोटातली पिल्लंसुद्धा दिसतात. तळावर कुरतडणारं कुणी नव्हतं, त्याचा हा पुरावा. त्याच भागात, जरा लांबच्या डोटर्नहाउजेनच्या सिमेंट कारखान्यात हीच शेल जाळतात, आणि उरलेली राख सिमेंटमध्ये मिसळतात. बागलकोट-लोकापूर पट्ट्यातल्या चुनखडीवर चालणारे सिमेंट कारखाने आपण बघतो. तिथल्या दगडात इंधनही सोबत आलं असतं, तर कसं झालं असतं, तसा हा प्रकार.

पाचवी पायरी : आता आपल्या भागात चला

बेळगावच्या पश्चिमेला आणि उत्तरेला पायाखाली दख्खनचा बेसाल्ट, त्यावर जागोजागी जांभा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा. खडी क्रशरवरचा काळा दगड तोच. लाव्ह्यात केरोजेन कसा असणार? पिशवीतले बहुतेक दगड इथेच बाद होतात.

गाळाचे खडक बघायचे तर पूर्वेला जायला हवं : गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग, आणि पुढे बागलकोट जिल्ह्यातलं कलादगी. ह्याच गावावरून सगळ्या खोऱ्याला नाव पडलं. रॉबर्ट ब्रूस फूट ह्या भूवैज्ञानिकाने दक्षिण मराठा मुलुखाचा हा भूगर्भ पायी-घोड्यावरून फिरून तपासला आणि १८७६ साली त्याचा अहवाल छापला. गोकाकला घटप्रभा ५२ मीटर खाली उडी घेते ती वालुकाश्म-क्वार्ट्झाइटच्या कड्यावरून. यल्लम्माच्या डोंगराचा कठीण दगडही क्वार्ट्झाइटच. ह्या कठीण थरांच्या अधेमध्ये शेलचे मऊ पट्टे आहेत, आणि शिकायला तेवढे पुरे.

रस्त्याच्या कटिंगमध्ये शेल दिसला, की रंग बघा. जांभळा किंवा तांबडा म्हणजे लोह गंजलेलं, प्राणवायू भरपूर, केरोजेनची आशा सोडा. हिरवट असेल तर प्राणवायू कमी होता, पण जैव पदार्थही फारसा नाही. काळा किंवा गडद राखाडी दिसला, तर पुढच्या परीक्षा करायच्या. आणि कलादगीचे जुने थर १०० कोटी वर्षांपलीकडचे, पुरले गेलेले, घड्या पडलेले. त्यांत कधी काही केरोजेन असलाच, तरी तो केव्हाच जास्त शिजून गेला असणार. देशातल्या गाळखोऱ्यांच्या सरकारी यादीत भीमा-कलादगीचं नाव आहे. यादीत नाव असणं आणि तेल निघणं ह्यांत मात्र बरंच अंतर आहे.

कुणाच्या शेतात शिरण्याआधी विचारा. गोकाकच्या पुढे मराठी चालेलच असं नाही. "कल्ल नोडाक बंदेव्री" (दगड बघायला आलोय) म्हटलं की लोक हसतात आणि चहा पाजतात. क्रशरच्या खाणीत मात्र सुरुंगाच्या वेळा विचारल्याशिवाय पाय ठेवू नका.

सहावी पायरी : घरातल्या सामानाने परीक्षा

एकेक करून बाद करत जायचं.

लिंबू पिळा. फेस आला तर चुनखडी आहे. ओट्याच्या कडप्प्यावर लिंबाचे डाग पडतात, हे घरातल्या मावशींना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. कडप्पा काळा असला तरी चुनखडकच. मात्र फेस आला म्हणून ऑइल शेल बाद होत नाही, जॉर्डनचा दगडही फसफसेल.

चिनी मातीच्या कपाच्या तळाशी चकाकी नसलेली कडा असते, तिच्यावर दगड घासा. केरोजेनने भरलेल्या शेलची रेघ तपकिरी येते. रेघ राखाडी-काळी, चकचकीत आली आणि बोटालाही लागली, तर ग्रॅफाइट समजा. धारवाडच्या जुन्या खडकांत असे काळे पट्टे भेटतात. फटींमध्ये नेच्यासारखी काळी नक्षी दिसली तर ती वनस्पती नव्हे, मँगनीजची. पोरं दरवर्षी फसतात, मीही फसलो होतो.

ताजा तुकडा फोडून लगेच हुंगा. मग चिमट्यात पातळ कपची धरून, उघड्यावर, मेणबत्तीच्या ज्योतीत धरा. भरपूर केरोजेन असेल तर ती धूर सोडत पेटते, जळक्या रबरासारखा वास येतो. साधी शेल फक्त तापते. ओली कपची फुटून उडते, म्हणून चष्मा लावा.

वजनाची परीक्षा मला सगळ्यांत भरवशाची वाटते. किचनच्या डिजिटल काट्यावर दगडाचं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून काटा शून्यावर आणा, आणि दोऱ्याला बांधलेला दगड पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला न टेकवता. काटा जितके ग्रॅम दाखवेल, तितके घनसेंटिमीटर दगडाचं आकारमान. २७० ग्रॅमच्या दगडाला काटा १०० दाखवत असेल, तर घनता २.७, साधी शेल, कडप्पा, क्वार्ट्झाइट सगळे इथेच येतात. बेसाल्ट २.८ ते ३ च्या आसपास. केरोजेन पाण्याहून किंचितच जड, १.१ धरा. वजनाने १० टक्के केरोजेन असेल तर दगडाची घनता सुमारे २.४ होते, २० टक्के असेल तर २.१. हाताला हलका लागणारा काळा दगड हीच खरी खूण. पायराइटमुळे घनता थोडी चढते, भोकांमुळे उतरते. जांभ्याला हा नियम लावू नका.

विहिरीच्या पाण्यावरच्या रंगीत तवंगाचंही विचारतात. काडीने तो मोडा. तुकडे होऊन कडा धारदार राहिल्या, तर ती लोहाच्या जिवाणूंची साय. फाटून पुन्हा जुळला, तर तेल. आणि आपल्या विहिरीत ते बहुधा पंपाच्या इंजिनाचं असतं.

सातवी पायरी : प्रयोगशाळेचा कागद वाचणं

इतक्यातून एखादा दगड तरलाच, तर प्रयोगशाळा. तिथून येणाऱ्या कागदावर तीन आकडे बघा. टीओसी म्हणजे दगडात सेंद्रिय कार्बन किती टक्के. एस-टू म्हणजे तापवल्यावर एका ग्रॅम दगडातून किती मिलिग्रॅम हायड्रोकार्बन निघाले. एस-टूला टीओसीने भागून १०० ने गुणलं, की हायड्रोजन इंडेक्स. समजा टीओसी ८ आणि एस-टू ४०, तर इंडेक्स ५००. चांगला सागरी केरोजेन. ५० आला तर दगड काळा आहे, पण कामाचा नाही. टी-मॅक्स म्हणजे तापवताना ज्या तापमानाला हायड्रोकार्बन सगळ्यांत जास्त निघतात ते. तो ४३५ अंशांच्या खाली असेल तर दगड अजून कच्चा, आपल्याला तोच हवा.

फिशर ॲसे नावाच्या दुसऱ्या चाचणीत १०० ग्रॅम पूड ५०० अंशांपर्यंत तापवून तेल मोजतात. १० ग्रॅम तेल मिळालं, तर टनामागे १०० किलो, म्हणजे ११० लिटरच्या आसपास. टनातले उरलेले सुमारे ९०० किलो, थोडा वायू आणि पाणी वगळता, कुठेतरी टाकावे लागतात, हे हिशेबात धरा.

नमुना ठेवताना

लेबलवर गावाचं नाव मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही लिहा. आपल्याकडे एकाच गावाला दोन नावं असतात, आणि दहा वर्षांनी कुठलं कुठलं ते आठवत नाही. मोबाईलवरून अक्षांश-रेखांश घ्या, थराची जाडी आणि वर-खाली कुठला दगड होता तेही लिहा.

पायराइट असलेला दगड बेळगावच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलात, तर दमटपणाने त्यावर पिवळट-पांढरी पूड धरते. ती पूड आम्लधर्मी असते. आधी कागदी लेबल खाते, मग खोका, मग शेजारचा नमुना. म्हणून दगड उन्हात वाळवून, हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. आणि क्रमांक कागदावर न लिहिता, दगडावरच पांढऱ्या ऑइल पेंटचा ठिपका देऊन त्यावर काळ्या शाईने लिहा.